एकशे पाच तास आणि आमचे तीन किलोमीटर

(ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या संयोजक ताईंनी मला विचारलं, तू कशावर बोलणार? मी म्हटलं, रस्त्यावर. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. हुंडा, मारहाण, पोटगी, दारूबंदी हे आपले विषय. रस्ता म्हणजे कंत्राटदार, इंजिनिअर आणि पुढाऱ्यांचा विषय, त्यात बायांचं काय काम, असं आपल्यालाही आतून वाटत असतं. मलाही वाटत होतं. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला समुदाय संघटन शिकवलं, समुपदेशन शिकवलं. रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका कशी वाचायची ते कुणी शिकवलं नाही. ते मला गावातल्या बायांमुळे शिकावं लागलं. आज तेच तुम्हाला सांगायचं आहे.

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असा अकोल्याला जाणारा मोठा रस्ता तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. पूर्वी त्याला सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत, आता त्रेपन्न म्हणतात. २०२२ च्या जून महिन्यात या रस्त्याचं नाव जगभर झालं. ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तिथे डांबराचा थर टाकायला सुरुवात झाली आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता काम थांबलं. १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर, एका पदराचा डांबरी थर. दोन पदरी धरला तर साडेसदतीस किलोमीटर रस्ता. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतार देशाचा होता. तिथे २०१९ मध्ये सव्वापंचवीस किलोमीटरला दहा दिवस लागले होते. आपल्याकडचं काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं, कंत्राटदार राजपथ इन्फ्राकॉन, आणि दिवसरात्र राबणारी ७२० माणसं. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं.

त्या आठवड्यात मी एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हे गाव महामार्गापासून तीन किलोमीटर आत आहे. नाव सांगत नाही, कारण तिथे अजून काम करायचं आहे. टीव्हीवर बातमी झळकत होती. एक मावशी म्हणाल्या, "ताई, पंच्याहत्तर किलोमीटर चार-पाच दिवसात होते म्हंतात. मंग आमचे तीन किलोमीटर काऊन होत नाहीत जी?"

मी उत्तर दिलं नाही. मला ते येतच नव्हतं. भ्रष्टाचार, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण सगळ्याच प्रश्नाला तेच उत्तर दिलं, तर पुढे करण्यासारखं काही उरत नाही.

त्या गावच्या रस्त्याचं काय झालं होतं, ते ऐका. मार्चमध्ये कामाचा आदेश निघाला. मे महिन्यात जुना रस्ता उकरला, त्यावर मोठी खडी पसरली, आणि मजूर निघून गेले. मग मृग आला. आपली जमीन कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांची ही काळी, भारी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर रस्ता टिकवायचा तर खाली मुरमाचा नीट थर हवा, बाजूने पाणी निघून जायला नाली हवी, ओढ्यावर मोरी हवी. यातलं काहीच झालं नव्हतं. पावसाळ्यात खडी चिखलात रुतली. एसटीच्या ड्रायव्हरने दोन दिवस बस आणली, तिसऱ्या दिवशी फाट्यावरूनच परत नेली. त्या दिवसापासून बस बंद.

गावातल्या अकरा मुली त्या बसने मूर्तिजापूरला कॉलेजात जात होत्या. फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चिखल तुडवत त्या काही दिवस गेल्या. मग घरचे म्हणू लागले, अंधार पडतो, एकट्या येता, लोक काय म्हणतील. दिवाळीपर्यंत चौघींचं कॉलेज सुटलं. त्यातल्या एकीचं उन्हाळ्यात लग्न झालं. तिच्या आईला मी विचारलं, एवढी घाई का केली? ती म्हणाली, "घरी बसून काय करे थे? बस असती त शिकली असती." मुलांच्या गाड्या होत्या. मुलं जात राहिली.

पुढे १७ मार्च २०२३ पासून सरकारने बायांना एसटीत अर्धं तिकीट केलं. चांगला निर्णय आहे, आपण त्याचं स्वागत केलं. पण आमच्या गावात बायका म्हणाल्या, अर्धं तिकीट काढायला बस तर येऊ द्या.

आता मोठ्या रस्त्याकडे परत येते. १०५ तासांत रस्ता झाला, असं लोक म्हणतात. ते पुरतं खरं नाही. १०५ तासांत वरचा डांबरी थर पडला. त्याच्या खालचे मातीचे, मुरमाचे, खडीचे थर आधीच तयार होते. आपल्या घरच्या लग्नाचीच गोष्ट घ्या. पंगत तासाभरात उठते. पाहुणे म्हणतात, काय झटपट वाढलं! पण गहू निवडण्यापासून मसाला कुटण्यापर्यंत महिनाभर कोण राबलं, ते घरातल्या बायांना विचारा. त्या रस्त्याचंही तसंच आहे.

मी थोडा हिशोब करून पाहिला. त्या कामाला डांबर-खडीचं ३६,६३४ टन मिश्रण लागलं, त्यात २,०७० टन डांबर होतं. म्हणजे तासाला साडेतीनशे टनांच्या आसपास. एका टिप्परमध्ये वीस टन माल धरला, तर दर साडेतीन मिनिटांनी एक टिप्पर यायला हवा, रात्रीसुद्धा. हा माल गरम असतानाच पसरावा लागतो आणि निवण्याआधी त्यावर रोलर फिरावा लागतो. मिश्रण तयार करणारा प्लांट बंद पडला तर पुढची यंत्रं उभी राहतात. पसरणारं यंत्र बंद पडलं तर मागचे टिप्पर उभे राहतात आणि माल निवतो. म्हणून खडी आधी साठवलेली हवी, डांबर आलेलं हवं, जादा यंत्र आणि मेकॅनिक हाताशी हवा, पाळीची माणसं ठरलेली हवीत, थर तपासणारा जागेवर हवा आणि अडचण आली तर तिथल्या तिथे निर्णय घेणाराही हवा. आणि सगळं पावसाच्या आत. ७ जूनला काम संपलं. मृग नक्षत्र लागतं ते त्याच सुमाराला. तारीख उगाच निवडलेली नव्हती.

या सगळ्याला मोठ्या शाळांमध्ये प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात. नाव भारी आहे. अर्थ एवढाच की, कोणतं काम कशाच्या आधी, त्याला काय लागणार, पैसा कधी येणार आणि अडलं तर कोण सोडवणार, हे सुरुवात करण्याआधी ठरवायचं आणि रोज तपासायचं. दहा हजारांत महिना काढणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

पण याच रस्त्याची दुसरीही बाजू आहे, ती विक्रमाच्या बातमीत मागे पडली. अमरावतीपासून पुढे चिखलीपर्यंतचं चौपदरीकरण आधी आयएल अँड एफएस या मोठ्या गटाच्या कंपनीला दिलं होतं. कंत्राटदाराने कर्ज काढून रस्ता बांधायचा आणि पुढे टोल घेऊन पैसे वसूल करायचे, अशा पद्धतीचं ते कंत्राट होतं. २०१८ मध्ये तो गट कर्जाखाली कोसळला. काम रखडलं. नंतर त्या रस्त्याचे तुकडे पाडून नव्याने कंत्राटं द्यावी लागली. मधली वर्षं आपण सगळ्यांनी अंगावर काढली आहेत. धूळ, खड्डे, वळणरस्ते, रात्रीचे अपघात, अकोल्याला दवाखान्यात नेताना गाडीत विव्हळणारी बाळंतीण. तेव्हाही डांबर तेच होतं, माती तीच होती, माणसंही इथलीच. कंत्राट कसं बांधलं, पैशाची जोखीम कुणावर टाकली, तो बुडाला तर पुढे काय, याची व्यवस्था ढिली होती म्हणून वर्षं गेली. व्यवस्था चोख झाली तेव्हा तास मोजले गेले. दोन्ही एकाच रस्त्यावर घडलं. रस्त्याचं काम कसं होतं, हे पुष्कळदा पहिला टिप्पर येण्याआधी कागदावरच ठरतं. हे मला त्यातून कळलं.

म्हणून आम्ही गावच्या रस्त्याचे कागद मागायचं ठरवलं. जानेवारी २०२३ मध्ये बचत गटाच्या सहा जणींच्या सह्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, दिलेली देयकं आणि मुदतवाढीची पत्रं मागितली. पहिलं उत्तर अर्धवट आलं. अपील केलं, तेव्हा कागद मिळाले. समाजमंदिरात सतरंजी टाकून आम्ही ते मोठ्याने वाचले.

त्यात काय निघालं? मोरी जिथे बांधायची, तिथल्या दोन शेतकऱ्यांची संमती काम देण्याआधी घेतलीच नव्हती. रस्त्यात येणारे विजेचे खांब हलवण्याचं पत्र काम सुरू झाल्यावर चार महिन्यांनी लिहिलं होतं. मोरी अडली म्हणून डांबर अडलं. मुदतवाढीच्या तिन्ही पत्रांत कारण एकच, पाऊस. पाऊस काय अचानक आला होता? आणि तिथे देखरेख करणाऱ्या शाखा अभियंत्याकडे एकाच वेळी इतकी कामं होती की आमच्या रस्त्यावर त्याची फेरी महिन्यातून एकदा झाली तरी पुष्कळ.

आम्ही कंत्राटदाराच्या मुकादमालाही भेटलो. रागावूनच गेलो होतो. तो म्हणाला, "बाई, मालकाचं मागच्या कामाचं बिल निघालं नाही. पाच ठिकाणी कामं, रोलर एक. जिथून पैसा येते तिथं रोलर जाते." त्याचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. त्या दिवशी आमच्यातल्या काही जणी म्हणाल्या, मग भांडायचं कुणाशी? मला वाटतं, भांडण माणसाशी कमी आणि कामाच्या या पद्धतीशी जास्त आहे. म्हणूनच ते चिकाटीने करावं लागतं.

गावातल्या एका बारावी झालेल्या सुनेने या काळात एक वही ठेवली होती. तिचं घर रस्त्याच्या तोंडाशी आहे. रोज एक ओळ. ‘आज टिप्पर दोन आले.’ ‘आज साहेब आले, गाडीतून उतरले नाहीत.’ आणि पानंच्या पानं, ‘आज कोणी नाही.’ तालुक्याच्या बैठकीत आम्ही आधी नेहमीसारखं निवेदन दिलं. ते फाईलला लागलं. मग तिने उभं राहून वही वाचायला सुरुवात केली. आवाज कापत होता. ‘आज कोणी नाही’ असं विसाव्यांदा आलं, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने हात वर केला आणि म्हणाले, पुरे, तारीख सांगतो. सरकारी कामावर रोजची नोंद ठेवणं हे कंत्राटदाराचं आणि अभियंत्याचं काम असतं. इथे ते एका सुनेने भाकरी टाकता टाकता केलं होतं.

संमतीसाठी आम्ही त्या दोन शेतकऱ्यांच्या घरी गेलो, त्यांच्या बायकांशी बोललो. पाणी शेतात शिरेल ही त्यांची भीती खरी होती. मोरी थोडी सरकवून बाजूला नाली काढायची, एवढ्यावर ते मिटलं. एका दुपारचं काम. ते मार्च २०२२ मध्ये झालं असतं तर? मोरी मे २०२३ मध्ये झाली, डांबर फेब्रुवारी २०२४ मध्ये पडलं. तीन किलोमीटरला जवळजवळ दोन वर्षं. बस परत सुरू झाली. कॉलेज सुटलेल्या चौघींपैकी दोघी पुन्हा जाऊ लागल्या. दोघी गेल्या नाहीत. त्यांची वर्षं कोणत्या मोजमाप पुस्तिकेत लिहायची?

मैत्रिणींनो, ज्या गोष्टीचं मोजमाप होतं तिच्याकडे लक्ष जातं. आमच्या आज्या १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्या. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि बाई-पुरुषाला सारखी मजुरी. त्या योजनेने लाखो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, तिला मी नाव ठेवणार नाही. पण आज्या सांगतात, मस्टरवर माणसं मोजली जायची. रस्ता पुरा झाला की नाही ते कोण मोजत होतं? टाकलेली माती पुढच्या पावसात वाहून जायची आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच माती. विक्रमाच्या कामात तास आणि टन मोजले. नेहमीच्या कंत्राटात किलोमीटर आणि देयकं मोजतात. बंद बसमुळे मुलीचे बुडालेले दिवस कुणीच मोजत नाही. ते आपल्याला मोजावे लागतील.

आणि रस्ता बांधणाऱ्या बाईचं काय? मेळघाटातून खाली कामाला येणाऱ्या कोरकू बाया आपण पाहतो. बाभळीला झोळी, त्यात लेकरू, बाजूला डांबराचा धूर. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यातच लिहिलं होतं की, पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे लहान मुलांसाठी खोली हवी. नव्या कामगार संहितेतही पाळणाघराची तरतूद आहे. पण छोट्या रस्त्यावर बारा-पंधरा बाया असतात, तिथे हा आकडाच गाठला जात नाही. संडासाला आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. खडी, डांबर, रोलर यांची यादी करणाऱ्या माणसाने त्याच यादीत पाण्याची टाकी, आडोसा आणि सावली लिहिली तर खर्च कितीसा वाढेल? ते लिहिलं जात नाही, कारण यादी करताना तिथे बाई नसते.

मग आपण काय करायचं? तुमच्या गावात रस्ता मंजूर झाल्याची बातमी आली की नारळ फुटण्याआधी ग्रामसभेत पाच गोष्टी विचारा. जमीन, मोरी, खांब, झाडं यांच्या संमती झाल्या का? पावसाआधी कोणता टप्पा पुरा होणार, आणि नाही झाला तर रस्ता उकरून ठेवणार की आहे तसा राहू देणार? पैसा कोणत्या योजनेतून, आणि टप्प्याटप्प्याने वेळेवर मिळणार का? देखरेख कोण करणार, त्याचं नाव आणि नंबर फलकावर लिहिणार का? आणि रस्ता झाल्यावर किती वर्षं दुरुस्ती कुणाच्या अंगावर? २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल बांधणाऱ्यावरच टाकली आहे. फलकावर ते लिहिलेलं असतं. वाचा. बायांनी फलक वाचला की लोक वळून बघतात, बघू द्या.

महामार्गाच्या कडेच्या गावांनी आणखी एक विचारायचं. चौपदरी झाल्यावर मधे दुभाजक येतो. शेत पलीकडे, पाणी पलीकडे, आणि ओलांडायची जागा दूर. भारा डोक्यावर घेतलेली बाई एवढा वळसा घालत नाही, ती दुभाजकावरूनच जाते. भुयारी वाट कुठे हवी, बस कुठे थांबावी, हे नकाशा काढतानाच सांगावं लागतं. रस्ता झाल्यावर मोर्चा काढून भिंत सरकत नाही.

शेवटी त्या मावशींच्या प्रश्नाकडे येते. आमचे तीन किलोमीटर काऊन होत नाहीत? आज मी त्यांना सांगेन, मावशी, होऊ शकतात. तिकडे काय करता येतं ते आपल्याच अमरावती-अकोला रस्त्यावर साऱ्या जगाने पाहिलं. आपल्या रस्त्यासाठी तशी तयारी कुणी केली नाही, कारण आपला खोळंबा कुणाच्या खर्चात धरलेला नव्हता. तो धरायला लावणं हे आपलं काम आहे.

त्या सुनेची वही मी आज सोबत आणली आहे. जेवणाच्या सुट्टीत इथे टेबलावर ठेवते. चाळून बघा, आणि घरी गेल्यावर दहा रुपयांची एक वही घ्या.